बोन थांगका आणि बौद्ध थांगका यांत फरक कसा ओळखायचा?

थांगका म्हणजे कापडावरचं तिबेटी धार्मिक चित्र, आणि बोन ही तिबेटमधली बौद्ध धर्माहून वेगळी मानली जाणारी धर्मपरंपरा. फरक ओळखायला आधी चित्रातल्या मुख्य आकृतीच्या हातात काय आहे ते बघा. बोन परंपरेचे गुरू तोन्पा शेनराब बुद्धासारखेच मांडी घालून बसलेले दाखवतात, म्हणून घाईत त्यांना शाक्यमुनी समजलं जातं. पण त्यांच्या उजव्या हातात चाकशिंग हा राजदंड असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना युंगद्रुंग, म्हणजे डावा स्वस्तिक. आपण दारात काढतो त्याच्या उलट वळणाचा. शाक्यमुनींचा उजवा हात सहसा जमिनीला टेकलेला आणि डाव्या हातात भिक्षापात्र असतं.

नुसत्या स्वस्तिकावरून मात्र निकाल देऊ नका. बौद्ध कलेतही तो दोन्ही वळणांचा सापडतो, शिवाय नेटवरचे फोटो कधीकधी आरशातल्यासारखे उलटलेले असतात. तिबेटी अक्षरं असतील तर तीही तपासा: उलटी दिसली तर फोटोच उलटा आहे. मंत्र लिहिलेला असेल तर काम सोपं. ‘ओम मत्री मुये साले दु’ हा बोनचा, ‘ओम मणि पद्मे हुम’ बौद्धांचा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर हिमाचलात सोलनजवळ दोलांजीचा मेनरी मठ गाठा. तिथे प्रदक्षिणा उलटी, मंदिर डाव्या हाताला ठेवून घालतात.