नाताळच्या तोंडावर दरवर्षी येणारे प्रश्न

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार झाला की मला मेसेज यायला लागतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, विचारणारे फक्त बदलतात. म्हणून यंदा सगळं एकत्रच लिहितोय. मी कॅथलिक धर्मगुरू आहे, वसई भागात काम करतो, त्यामुळे उत्तरं कॅथलिक पद्धतीची आहेत. नगर-सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट मंडळींनी उपासना आणि प्रभुभोजनाचे नियम आपल्या पाळकांनाच विचारावेत. नावं काढून टाकली आहेत.

25 डिसेंबर हा येशूचा वाढदिवसच नाही, तो रोमन लोकांचा सूर्याचा सण होता असं भाच्याने फॉरवर्ड पाठवलंय. मग आपण नक्की साजरं काय करतो?

बायबलमध्ये तारीख नाही, आणि हे कुणी लपवलेलंही नाही. येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार लेखकांपैकी जन्माची हकिगत फक्त मत्तय आणि लूक सांगतात, तारीख दोघंही देत नाहीत, मार्क तर मोठ्या येशूच्या बाप्तिस्म्यापासूनच सुरू होतो. 25 डिसेंबरची जुनी पक्की नोंद रोममध्ये 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते. काही अभ्यासक म्हणतात सूर्याच्या सणावरून तारीख घेतली, काही म्हणतात येशूच्या आईला, मरियेला, ती गरोदर राहील हा देवदूताचा निरोप 25 मार्चला मिळाला असं मानत होते त्यात नऊ महिने मिळवले, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीला जन्मोत्सव करतं, रशियन ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळ 7 जानेवारीला येतो, म्हणून त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही. भाच्याला सांगा, आमचा विश्वास तारखेवर नाहीये. त्या चौघांतला योहान लिहितो की शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, आमचा विश्वास त्यावर आहे. ज्याने जग केलं तो बाळंत्यात गुंडाळलेलं पोर होऊन आला, ज्याला भूक लागते, थंडी वाजते, ज्याला कुणीतरी उचलून घ्यावं लागतं. हे खरं मानायचं की नाही हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर भाच्याशी तासभर बोलायला मी तयार आहे, त्याला घेऊन या.

ख्रिसमस ट्री लावणं बायबलविरुद्ध आहे का? यिर्मयाच्या 10व्या अध्यायात मनाई आहे म्हणतात.

नाही. तो अध्याय लाकडाच्या मूर्तींबद्दल आहे, पूर्ण वाचा, कापून पाठवलेल्या दोन ओळी वाचू नका.

मला डायबेटिस आहे, रात्रीच्या मिस्साआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) कम्युनियनसाठी (त्यात मिळणाऱ्या पवित्र भाकरीसाठी) किती तास उपाशी राहायचं?

एक तास. पाणी आणि औषध केव्हाही चालतं, आणि वयस्कर व आजारी माणसांना तो एक तासही बंधनकारक नाही. इन्सुलिन आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.

आमच्या तरुण मंडळाने गोठ्यासाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) वर्गणी काढलीय, एलईडी, कारंजं, साउंड सगळं आहे, पण आमचे फादर नाराज आहेत. यात चूक काय?

गोठा करण्यात काहीच चूक नाही, तुमचे हात त्याला लागतात याचा मला आनंदच आहे. फक्त तो सुरू कसा झाला ते बघा. 1223 साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाण मांडली, तिच्यात गवत, शेजारी खरा बैल आणि खरं गाढव, आणि तिथेच मिस्सा झाली. गरीब घरात गरीब होऊन आलेला देव लोकांना डोळ्यांनी दिसावा, एवढंच त्याला हवं होतं. गोठा बघून माणूस दोन मिनिटं गप्प उभा राहत असेल तर गोठा चांगला झाला, नुसता सेल्फी काढून पुढे जात असेल तर पुन्हा विचार करा. वर्गणीतले थोडे पैसे धर्मग्रामातल्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीतल्या, एखाद्या आजारी माणसाच्या औषधाला द्या, कुणाला द्यायचे ते तुमच्या फादरांनाच विचारा, त्यांची नाराजी का आहे तेही कळेल.

एका चॅनेलवर "ख्रिसमस स्पेशल" प्रार्थना आहे, 2,100 रुपये भरले की आशीर्वादित तेल घरी येतं आणि नव्या वर्षात कर्ज फिटतं म्हणतात. सासूबाईंनी पैसे पाठवलेसुद्धा.

पुढचे पाठवू नका. आशीर्वाद विकत मिळत नाही. प्रेषितांची कृत्ये, 8वा अध्याय उघडा, सीमोन नावाचा माणूस येशूचा शिष्य पेत्र याला पैसे देऊ करतो, मलाही पवित्र आत्मा देण्याची शक्ती द्या म्हणतो, आणि पेत्र त्याला काय सुनावतो ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. पैसे घेऊन कृपा विकणं हे पाप आहे आणि कर्जात बुडालेल्या माणसाकडून असे पैसे उकळणं हे तर मला सहनच होत नाही. घरात आशीर्वाद हवा असेल तर आपल्या धर्मगुरूंना बोलवा, ते येतील, गरिबाला पैशावाचून कुणी परत पाठवणार नाही. कर्जाचं मात्र बँकेत जाऊन मॅनेजरशी नीट बोला, हप्ते बदलून मिळतात का बघा, आणि पैसे फोनवरून गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर करू नका.

वाडीच्या वाटणीवरून भावाशी सात वर्षं बोलणं नाही. केस चालू आहे. मी नाताळला कम्युनियन घेऊ शकतो का? आणि तो आधी बोलला तर मी बोलीनच की.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी या भागात इतक्या घरांत ऐकलंय की आज जरा सविस्तर लिहितो. जमिनीला भाव आला, सातबाऱ्यावरची नावं मोजायला लागली, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, किंवा घेतली नाही म्हणून भांडण झालं, आणि एका आईच्या पोटची माणसं मिस्साला एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसायला लागली. पोरं तर चुलत भावंडांना रस्त्यात ओळखतसुद्धा नाहीत. आणि दोन्हीकडचा माणूस तेच सांगतो, त्याने आधी बोलावं.

नाताळचा सगळा अर्थ इथेच आहे. देवाने असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? माणसं आधी सुधारू देत, माफी मागू देत, मग मी येईन, असं म्हणून तो थांबला असता तर बेथलेहेममधला येशूचा जन्म झालाच नसता. चूक आपली होती आणि निघून आला तो, तेही बोलावणं नसताना. उतारशाळेत जागा नाही म्हणाले तरी परत गेला नाही, गव्हाणीत निजला. तुम्ही गोठ्यापुढे गुडघे टेकता ते या आधी निघालेल्या देवापुढे टेकता, आणि उठून घरी जाताना भावाच्या दारावरून मान वळवून जाता, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात ते मला सांगा. येशू मत्तयाच्या 5व्या अध्यायात म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कुणाची हे तो विचारतच नाही.

आता तुमचा प्रश्न. केस चालू आहे एवढ्यानेच कम्युनियन बंद होत नाही. हक्क मागणं पाप नाही, आणि क्षमा केली म्हणून केस मागे घ्यावी लागते असंही नाही. पण भावाचं वाईट व्हावं असं मनापासून वाटत असेल, त्याच्याबद्दल खोटं पसरवलं असेल, तर आधी पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पाप कबूल करायला, या, मग कम्युनियन. तुम्ही खरंच हात पुढे केलात आणि त्याने झिडकारला, तर ते ओझं तुमच्यावर नाही, शांतपणे कम्युनियन घ्या. मात्र हात पुढे केलाय का, हे प्रामाणिकपणे बघा. एक फोन करा, आईच्या आठवणीची मिस्सा आहे ये म्हणा, जमिनीचा विषयच काढू नका. तेवढंही जड जात असेल तर धर्मगुरूंना किंवा दोघांना चालेल अशा मोठ्या माणसाला मध्ये घ्या. केसचं वकिलांना विचारा, दोघं तयार असाल तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. आणि जिथे मारहाण झालीय, जिवाला भीती आहे, तिथे एकट्याने दार ठोठावायला जाऊ नका, आधी माझ्याशी किंवा तुमच्या फादरांशी बोला. बाकीच्यांनी ईस्टरवर ढकलू नका. अंत्यविधीला येऊन शवपेटीवर डोकं आपटून रडणारे भाऊ मी पाहिलेत, ती माफी ऐकायला कुणी उरलेलं नसतं.

आई ऑगस्टमध्ये गेली. शेजारी म्हणतात यंदा करंज्या करायच्या नाहीत, चांदणी लावायची नाही, नाहीतर दोष लागतो.

दोष वगैरे काही लागत नाही, चर्चचा असा कुठलाही नियम नाही. मन नसेल तर करू नका, मुलांसाठी थोडं करावंसं वाटलं तर खुशाल करा, दोन्ही बरोबर आहे. चांदणी मात्र लावा असं मी म्हणेन, कारण नाताळ हा आनंदी लोकांसाठी राखून ठेवलेला सण नाही, अंधारात बसलेल्यांना प्रकाश दिसला असं बायबलमधला संदेष्टा यशया म्हणतो, म्हणजे तो तुमच्यासारख्या घरासाठीच आधी आहे. आईच्या नावाने मिस्सा सांगा, तिच्या कबरीवर फुलं ठेवून मग चर्चला या. रडू आलं तर मिस्सात रडा, कुणी काही म्हणणार नाही. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर फक्त प्रार्थनेवर राहू नका, डॉक्टरांनाही दाखवा.

मिस्टर जहाजावर आहेत, 25 तारखेला समुद्रात असणार. मिस्सा चुकली तर पाप का?

नाही. जिथे शक्यच नाही तिथे बंधन नाही. त्यांना म्हणा लूकचा 2रा अध्याय वाचा, जमलं तर केबिनमध्ये दोघं-तिघं मिळून. बंदराला लागल्यावर स्टेला मारिसचे लोक आहेत का विचारायला सांगा, ही चर्चची खलाशांसाठीची संस्था आहे, बऱ्याच मोठ्या बंदरांत असते. आणि फोन लागला तर तुम्ही दोघं एकदम "आमच्या बापा" ही प्रार्थना म्हणा.

नवरा हिंदू आहे, त्याला नाताळच्या मिस्साला यायचंय. चालेल का? कम्युनियनच्या वेळी काय करायचं?

आनंदाने येऊ दे. कम्युनियन त्याने घ्यायची नाही, बाकावर बसून राहिलं तरी चालतं, हात छातीवर घेऊन आशीर्वादाला पुढे जायचं तर आधी तुमच्या फादरांना विचारा. मुलांच्या बाप्तिस्म्याचं तुम्ही पुढे विचारलंय, ते असं लिहून सांगण्यासारखं नाही, दोघं मिळून धर्मगुरूंना भेटा.

आमच्याकडची मिडनाइट मिस्सा 10 वाजताच संपते, ती नाताळची धरतात का?

धरतात. 24च्या संध्याकाळपासूनची नाताळची कुठलीही मिस्सा चालते. मैदानात लाउडस्पीकर असतो, रात्री 10 नंतर तो एरवी लावता येत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी वेळ अलीकडे घेतलीय. याच प्रश्नात तुम्ही विचारलंय की पापनिवेदन त्याच रात्री मिस्साआधी होईल का. तेव्हा रांग इतकी लांब असते की मला प्रत्येकाला धड दोन मिनिटंही देता येत नाहीत. या आठवड्यात मधल्या वारी संध्याकाळी या, आधी चर्चच्या ऑफिसला फोन करून.