के-६ च्या आजच्या मालकाला लगेच लिहू नका

आजोबांच्या ट्रंकेत १९५८ चं अमेरिकन क्यूएसएल कार्ड (हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, संपर्क झाल्यावर एकमेकांना पाठवतात ती पोचपावती) सापडलंय, त्यावरचा के-६ ने सुरू होणारा कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारी रेडिओवरची ओळख) आज ज्याच्या नावावर दिसतो त्याला ईमेल टाकू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. निदान आज तरी नका टाकू.

मी टाकला होता. माझे आजोबा व्हीयू-२ वाले, म्हणजे भारतातले हॅम. त्यांच्या गठ्ठ्यात १९५६ चं डब्ल्यू-६ कॉलसाइनचं एक अमेरिकन कार्ड होतं, मागे हाताने लिहिलेल्या चार आपुलकीच्या ओळी. रेडिओ परवाने देणाऱ्या अमेरिकन एफसीसीच्या साइटवर नाव मिळालं आणि मी भावुक होऊन लांबलचक मेल लिहिला. उत्तर त्यांच्या मुलीकडून आलं. वडील वारले होते, पण परवाना दहा वर्षांचा असतो, नोंद तशीच राहिलेली. वडिलांचं अक्षर भारतात कुणीतरी जपलंय म्हणून ती बिचारी हरखून गेली. आठ महिने माळ्यावरची खोकी उपसत होती. शेवटी वडिलांचा कागद सापडला: तो कॉलसाइन त्यांनी १९९७ साली व्हॅनिटी योजनेत (आवडीचा मोकळा कॉलसाइन मिळतो ती) मागून घेतलेला! अक्षर त्यांचं नव्हतंच. तिला हे कळवायचा मेल मी चार दिवस लिहीत होते.

कॉलसाइन म्हणजे भाड्याची खोली. आज कोण राहतं यावरून १९५८ चा भाडेकरू कळत नाही. त्यासाठी त्या सालातलं छापील कॉलबुक, म्हणजे परवानाधारकांची यादी, बघा. इंटरनेट आर्काइव्हवर बरेच स्कॅन आहेत. एकाच वर्षात अनेक आवृत्त्या निघत, म्हणून १९५७ ते ५९ सगळ्या चाळा. छपाई मागे पडायची, त्यामुळे एकात नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. पुस्तक कॉलसाइनच्या क्रमाने आहे, नावाच्या नाही. स्कॅनमधल्या शोधावर माझा तरी भरवसा नाही, तो ८ ला बी वाचतो. डोळ्यांनीच पान लावा.

नाव पुढे अचानक गायब झालं तर लगेच 'वारला' समजू नका. १९७८ पर्यंत दुसऱ्या विभागात (के-६ मधला ६ हा विभागाचाच आकडा) कायमचं राहायला गेलं की कॉलसाइन बदलायचा. माझ्या कार्डाचा खरा माणूस १९६१ नंतर दिसत नाही. माझा अंदाज, तो पूर्वेकडे गेला. अंदाजच हं.

तारीखही तपासा, अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. ४-७-५८ म्हणजे बहुधा ७ एप्रिल.

आजोबांचा स्वतःचा परवाना शोधणार असाल तर शुभेच्छा. मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा 'साहेब नाहीत', दुसऱ्यांदा 'जुनं रेकॉर्ड निर्लेखित', तिसऱ्यांदा म्हणे अर्जात परवाना क्रमांक भरा. अहो, तोच तर शोधायला आले होते! तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, नियमही बदलले असतील. पण घरातली लॉगबुकं, म्हणजे संपर्कांच्या नोंदवह्या, आधी बघा, बसभाडं वाचेल.

आणि कार्डावर तिकीट असेल तर भिजवून काढू नका. माझ्या भावाने काढलं, आणि त्या चार ओळींपैकी दीड ओळ पाण्यात गेली.