पन्नाशी उलटलेली डॅटसन आणि निवृत्तीचा फंड

प्रश्न, थोडक्यात: वय ४३. १९७२ची डॅटसन २४०झेड (निसानची जुनी स्पोर्ट्स कार) मिळते आहे. दहा वर्षं शेडमध्ये उभी होती, पण इंजिन चालू आहे. किंमत माझ्या हातात येणाऱ्या पगाराच्या १२ महिन्यांइतकी. वर्कशॉपने संपूर्ण रीस्टोरेशनचा अंदाज १५ महिन्यांच्या पगाराचा दिलाय, मुदत दीड वर्ष. गाडीचे पैसे निवृत्तीच्या फंडातून काढीन (त्यात ६० महिन्यांचा पगार जमलाय), कामासाठी पाच वर्षांचं वैयक्तिक कर्ज घेईन. पगाराचा चौथा हिस्सा घराच्या हप्त्यात जातो, तो अजून ७ वर्षं आहे; निम्मा पगार घरखर्चात. अडीअडचणीसाठी ६ महिन्यांचा पगार बँकेत आहे. नीट रीस्टोअर केलेली २४०झेड आज साधारण २४ महिन्यांच्या पगाराला जाते, पण जपानी क्लासिक गाड्यांचे भाव चढतच आहेत. एक २४०झेड तर तीन लाख डॉलरच्या वर विकली गेली. बायको म्हणते, ही गाडी तुझ्याआधी रिटायर झालीय. मित्र म्हणतो, पाच महिन्यांच्या पगारात चालती मियाटा (माझदाची छोटी उघडी स्पोर्ट्स कार) घे. महिनाअखेर टोकन द्यायचंय. देऊ का?

उत्तर:

टोकन देऊ नका. गाडीत काही खोट आहे म्हणून नव्हे, ती मी पाहिलेलीही नाही. ज्या पद्धतीने तुम्ही ती घ्यायला निघाला आहात, त्यात हिशेबच बसत नाही.

सगळे आकडे तुम्ही महिन्यांच्या पगारात दिलेत हे फार बरं केलंत. पैशांत लिहिलेली किंमत डोळ्यांना सवयीची होते, महिन्यांत मोजली की टोचते.

आधी कर्ज बघू, कारण घोडं तिथेच अडतं. १५ महिन्यांचा पगार ६० हप्त्यांत फेडायचा आहे. व्याज शून्य धरलं तरी हप्ता होतो पगाराचा पाव हिस्सा. घराचा हप्ता आणि घरखर्च जाऊन तुमच्या हातात उरतो तोही पावच. म्हणजे कोणी बिनव्याजी पैसे दिले तरी पाच वर्षं निवृत्तीसाठी दमडी बाजूला पडणार नाही, गाडीच्या विम्यालाही उरणार नाही. आता खरं व्याज लावा. १२ टक्के दराने हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर जातो. पाव, निम्मा आणि एक-तृतीयांश मिळून होतात १०८ टक्के. वरचे ८ टक्के दर महिन्याला त्या सहा महिन्यांच्या ठेवीतून जातील आणि कर्ज संपेपर्यंत ठेव जवळजवळ संपलेली असेल. मधे नोकरीत काही खुट्ट झालं तर अर्धवट सोललेली गाडी, दोन हप्ते आणि रिकामी ठेव, असं सगळं एकदम अंगावर येईल.

फंडातल्या पैशांबद्दल तुम्ही लिहिलंत तसा विचार बरेच जण करतात: साठातले बारा काढले तर काय बिघडलं? तुमच्या हातात निवृत्तीपर्यंत १७ वर्षं आहेत असं धरतो. महागाई वजा जाता ४ टक्के परतावा धरला, म्हणजे फार आशावादी नाही, तरी १२चे २३ होतात, तेही आजच्या पगाराच्या मोलात. घराचा हप्ता तोवर संपलेला असेल आणि घरखर्च निम्म्या पगाराचा आहे. म्हणजे आज तुम्ही फंडातून काढताय तो म्हातारपणीचा जवळपास चार वर्षांचा घरखर्च आहे. मुदतीआधी रक्कम काढल्यावर कर किंवा दंड लागत असेल तर तो वेगळा.

आता गाडी. 'इंजिन चालू आहे' हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, म्हणून सांगतो: या गाडीत इंजिन ही सर्वात कमी काळजीची गोष्ट. २४०झेडचं एल२४ हे सहा सिलिंडरचं, २३९३ सीसीचं इंजिन दणकट म्हणून ओळखलं जातं, आणि त्याच घराण्यातली इंजिनं डॅटसन-निसानच्या इतर अनेक गाड्यांत होती. ते उघडून बांधणारे सापडतात, भागही मिळतात. पैसा खातो तो पत्रा. त्या काळच्या जपानी गाड्यांना गंजरोधक संरक्षण जेमतेम असायचं आणि झेडच्या बॉडीत पाणी साचायला जागा पुष्कळ. वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे गंज लागला की नुसतं रूप जात नाही, गाडीची ताकदच जाते.

बॅटरी काढायला लावा आणि तिच्या खालचा ट्रे बघा. वर्षानुवर्षं आम्ल ठिबकून तिथला पत्रा खंगतो, मग गंज खाली उतरून पुढच्या रेलपर्यंत, म्हणजे बॉडीला आधार देणाऱ्या लांब पट्टीपर्यंत, पोहोचतो. पुढच्या काचेखालचा पत्रा (काऊल), दाराखालचा उंबरा, दार आणि मागचं चाक यांच्यामधला कोपरा, मागच्या दरवाज्याची खालची कड, स्टेपनीचा खड्डा, या सगळ्या त्याच्या ठरलेल्या जागा. गाडीतली सतरंजी उचलून तिच्या जमिनीवरचा डांबरी थर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठणठणतो, गेलेला भदभदतो. रुमालात गुंडाळलेलं चुंबक रंगावरून फिरवलं की पुट्टी कुठे भरलीय ते कळतं. नुसतं इंजिन ऐकून कोणी १५ महिन्यांचा अंदाज दिला असेल तर तो अंदाज नव्हे, शुभेच्छा आहेत. रंग खरवडल्याशिवाय खरा आकडा वर्कशॉपलाही ठाऊक नसतो, आणि खरवडल्यावर मागे फिरता येत नाही.

म्हणून अशा अंदाजावर मी नेहमी निम्मी रक्कम आणखी धरतो. १५चे साडेबावीस. गाडीचे १२ मिळवले की साडेचौतीस. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे नीट केलेली गाडी २४ला जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच, फक्त इथे कोंबडीही चार आण्याची नाही. वर्कशॉपचा आकडा तंतोतंत खरा ठरला, तरी २७ घालून २४ची वस्तू हातात येते.

आणि ही गोष्ट फक्त हौशी माणसाची नाही. १९९६मध्ये निसानने अमेरिकेत ३००झेडएक्सची, म्हणजे २४०झेडच्या पुढच्या पिढीतल्या गाडीची, विक्री थांबवली. झेड हे नाव लोकांच्या डोक्यातून जाऊ नये म्हणून कंपनीने जुन्या २४०झेड विकत घेतल्या, पार सोलून नव्याने बांधल्या आणि निवडक डीलरांमार्फत सुमारे २५ हजार डॉलरला विकायला ठेवल्या. बेत होता २०० गाड्यांचा, चाळीसही झाल्या नाहीत. एकेका गाडीवरचा खर्च आवरेना. ज्या कंपनीने ही गाडी बनवली, तिलाच विकत घे, नीट कर आणि वीक हा धंदा परवडला नाही. मग तो पगारातल्या शिलकीवर कसा परवडावा?

भाव चढतात हे तुमचं म्हणणं सरसकट खोटं नाही. पण कुठली गाडी कशामुळे चढली ते बघायला हवं. तीन लाख डॉलरची तुम्ही म्हणता ती १९७१ची गाडी, जानेवारी २०२०मध्ये ३,१०,००० डॉलरला गेली. जेमतेम २१ हजार मैल चाललेली, जपून ठेवलेली. तिच्याकडे बघून शेडमधल्या गाडीची किंमत ठरवता येत नाही. तशी गाडी कुठलंही वर्कशॉप बनवून देऊ शकत नाही. निसानच्याच स्कायलाइन जीटी-आरच्या भावामागचं एक मोठं कारण वेगळंच आहे. अमेरिकेत २५ वर्षं जुनी झालेली गाडी तिथल्या सुरक्षा-मानकांतून सुटते, त्यामुळे १९८९ची आर३२ (त्या जीटी-आरची एक पिढी) २०१४ साली तिथे आयात करता येऊ लागली आणि नवं गिऱ्हाईक एकदम उभं राहिलं. २४०झेडला असा धक्का मिळणार नाही, ती मुळातच अमेरिका डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली; १९७०मध्ये तिथल्या शोरूममध्ये ३,५२६ डॉलरला मिळायची. टोयोटा २०००जीटी दहा लाख डॉलरच्या वर गेली आहे, पण त्या बनल्याच ३५१. २४०झेड दीड लाखाहून जास्त. गंजून गेलेल्या वजा केल्या तरी ही दुर्मिळ गाडी म्हणता येत नाही. लाडकी आहे, आणि लाडकेपणाचा भाव पिढीगणिक बदलतो.

शिवाय सांभाळायचा खर्च. विमा, कोरडी बंद जागा, उभ्याउभ्या वाळणारे टायर, रबरं, ब्रेकचे सिलिंडर. वर्षाला एका महिन्याचा पगार धरला तरी दहा वर्षांत साडेचौतीसचे साडेचव्वेचाळीस. आज २४ला जाणारी गाडी तेव्हा महागाई वजा जाता जवळपास दुप्पट भावाने विकली गेली तर तुमची फक्त बरोबरी होते. माझ्या मते ही गुंतवणूक नाही. हौस म्हणा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त हौसेचा पैसा हौसेच्या खात्यातून यायला हवा.

पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: 'हाताने काम करायला आवडतं, पण वेळ मिळत नाही.' पत्रा कापणं, जोडणं, रबरं बसवणं यात ज्याचे शनिवार-रविवार आनंदात जातात, त्याने मोडकी गाडी घ्यावी. तो स्वतःची मजुरी धरत नाही, आणि काम लांबलं तर त्याचा आनंदच लांबतो. ज्याला गाडी चालवायची आहे आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आहे, त्याने कोणीतरी आधीच पैसे ओतून बांधलेली गाडी घ्यावी. त्या माणसाने ३४ घातले असतील आणि तुम्ही २४ दिलेत, तर मधला तोटा त्याने सोसला, तुम्ही नाही. तुम्ही दुसऱ्या प्रकारात मोडता आणि गाडी पहिल्या प्रकारची घेताय.

तर २४०झेड कायमची सोडा असं मी म्हणत नाही. आजपासून पगाराचा दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका, उरलेला पंधरा टक्के पूर्वीसारखा निवृत्तीला. सात वर्षांत जवळपास साडेआठ महिन्यांचा पगार होतो, व्याज सोडून. मग घराचा हप्ता सुटतो. तो पावही तिकडे वळवलात तर वर्षाला चारच्या वर जमतात. पंचावन्नच्या आत तुम्ही बांधलेली, चालती २४०झेड रोख घेऊ शकता. भाव चढले तर थोडं मागेपुढे होईल.

ते फार लांब वाटत असेल तर मित्राचं ऐका. मियाटाला तुम्ही 'खरी क्लासिक नाही' म्हणालात, ते मला पटत नाही. माझदाने ती १९८९मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये आणली आणि मेलेल्यात जमा झालेल्या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या प्रकाराला पुन्हा जीव दिला. पहिल्या पिढीतल्या सुरुवातीच्या गाड्यांनी आता पस्तिशी गाठलीय आणि २०१७मध्ये माझदाने स्वतः जपानमध्ये त्यांच्या रीस्टोरेशनची सेवा जाहीर केली, बंद पडलेले भागही पुन्हा बनवले. खात्यात चार वर्षांत जवळपास पाच महिन्यांचा पगार जमेल, तेवढ्यात ती येते. तिच्यावर हात साफ करा. वेळ खरंच मिळत नाही की काढला जात नाही, तेही कळेल. तिच्यातही उंबऱ्याचा पत्रा बघून घ्या, गंज तिलाही सोडत नाही.

पुढे कधीही २४०झेड घ्याल तेव्हा इंजिनवर ठोकलेला नंबर आणि बॉनेटखालच्या पट्टीवरचा नंबर जुळतो का ते बघा. 'ओरिजिनल इंजिन' या शब्दांवर वेगळे पैसे मोजायचे असतील तर हाच त्याचा पुरावा. विमा आधी ठरवलेल्या रकमेचा घ्या, नाहीतर नुकसान झाल्यावर तिची जुनी गाडी म्हणून किंमत होते. काम काढायचंच झालं तर टप्प्याटप्प्याने पैसे, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं, आणि गाडी वर्कशॉपमध्ये असताना विमा चालू आहे याची लेखी खात्री. निम्म्याहून जास्त आगाऊ मागणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

विक्रेत्याला महिनाअखेरची वाट पाहायला न लावता आजच नाही कळवून टाका, म्हणजे त्यालाही दुसरं गिऱ्हाईक बघता येईल. त्याने भाव पाडला तर मन डळमळेल. पण गाडी फुकट दिली तरी वरचा कर्जाचा हिशेब बदलत नाही, १०८ टक्के त्या १५ महिन्यांच्या कामाचे आहेत. हा कागद वहिनींना दाखवा. खातं दोघांच्या नावाने उघडलंत तर मधे कोणी हात घालणार नाही.