नाव तुझं, तूच निवड

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. ‘माय लिटल पोनी’ या कार्टून मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये आल्याआल्या तुझ्या नावापुढे कुणीतरी ‘पेगासिस्टर’, म्हणजे मुलगी असलेली चाहती, असं लावून टाकलं, ‘मी ब्रोनी आहे’, म्हणजे नुसती मालिकेची चाहती, असं तू लिहिलंस तर ‘मुली ब्रोनी नसतात’ असं उत्तर आलं. आणि आता तुला वाटतंय, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला वाद घालायचा, उगाच खडूस ठरू. मला ती एवढीशी वाटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही मालिका कुठून आली ते आधी माहीत असू दे. ‘माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’ १० ऑक्टोबर २०१० ला अमेरिकेत सुरू झाली. ती काढली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने, आणि ती होती लहान मुलींसाठी. ती घडवली लॉरेन फाउस्ट यांनी. लहानपणी खेळण्यातल्या ज्या पोनींशी, म्हणजे छोट्या घोड्यांशी, त्या खेळायच्या, त्यांना मनातल्या मनात दिलेले स्वभाव त्यांनी पडद्यावर आणले. एक पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, एक बढाईखोर, एक सावलीलाही भिणारी, एक राबराब राबणारी. मुलींसाठी म्हणजे गुळमट आणि बिनडोक, ही समजूत त्यांना मोडायची होती. ती मोडली, आणि ज्यांच्यासाठी मालिका नव्हतीच ते कॉलेजच्या वयाचे मुलगेही बघायला लागले. बरेच जण आधी टिंगल करायला आले आणि मग मनापासून रमले. ‘ब्रो’ आणि ‘पोनी’ जोडून त्यांनी स्वतःला ब्रोनी म्हणवून घेतलं. ‘मी पुरुष आहे आणि मला हे आवडतं’ असं उघड म्हणायला हिंमत लागत होती, अजूनही लागते. त्यामुळे त्या नावाचा राग धरू नकोस.

पण पुढे काय झालं ते बघ. एका बाईने, मुलींसाठी घडवलेल्या मालिकेच्या चाहत्यांत मुलींनाच वेगळं नाव शोधायची पाळी आली. पेगासिस्टर हे नाव काही जणींनी हौसेने घेतलं आणि त्या ते आजही मिरवतात. कितीतरी जणी सरळ ब्रोनी म्हणवतात. काहींना दोन्ही नको, त्या नुसत्या फॅन. यातलं काहीही तुझं असू शकतं. मात्र ते तुझ्याआधी तिसऱ्याच माणसाने लिहून ठेवावं, हे मला मुळीच मान्य नाही.

‘चाहत्यांत मुली नंतर आल्या’ असं कुणी सुनावलं तर गप्प बसू नकोस. स्टार ट्रेक या अंतराळावरच्या अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांचं पहिलं नियतकालिक, ‘स्पॉकॅनेलिया’, १९६७ मध्ये निघालं आणि ते दोन बायकांनी काढलं होतं. मालिका बंद पडणार असं दिसताच बीजो ट्रिंबल आणि त्यांचे यजमान जॉन यांनी प्रेक्षकांना वाहिनीकडे पत्रं पाठवायला लावली. पत्रांचा पाऊस पडला आणि १९६८ मध्ये तिसरा सीझन आला. एवढं केलेल्या बायकांच्या वाट्याला काय आलं? ‘ट्रेकी’, म्हणजे स्टार ट्रेकचा चाहता, म्हटलं की नटामागे किंचाळत धावणारी पोरगी, असं चित्र रंगवलं गेलं, आणि ज्यांना आपण गंभीर चाहते आहोत हे दाखवायचं होतं त्यांनी स्वतःसाठी ‘ट्रेकर’ हे नाव धरलं. क्रिकेटमध्येही तेच. मुलाला सगळे स्कोअर पाठ असले तर तो जाणकार, मुलीला असले तर ‘कोणावर क्रश आहे गं?’

आता तुला जे सर्वांत कळकळीने सांगायचंय ते. ब्रोनी म्हणून तुला मान्यता देताना कुणीतरी म्हणेल, ‘तू इतर मुलींसारखी नाहीस.’ ऐकायला फार गोड वाटतं ते. घेऊ नकोस. त्या एका वाक्यात बाकीच्या सगळ्या मुली खाली ढकलल्या जातात आणि तुला दाराशी पहारेकरी म्हणून उभं केलं जातं. मग पुढची मुलगी आली की ‘डर्पीचं नाव आधी काय होतं, कुठल्या भागात दिसली’ असली, मालिकेतल्या एका पोनीबद्दलची, परीक्षा तूच घ्यायला लागतेस. चांगल्या चांगल्या मुली यात अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. तुला कुणी अशी परीक्षा घालू लागलं तर उत्तर येत असलं तरी देऊ नकोस. ‘मला आवडते म्हणून मी इथे आहे’ एवढं पुरे. परत विचारलं तर परत तेच.

आणि मुलग्यांवर ‘हे मुलींचं, हे मुलांचं’ या शिक्क्यांचा काय भार पडतो तोही बघ. मुंबईत कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-कार्टूनच्या चाहत्यांच्या मेळ्यात, एका स्टॉलवर इंजिनिअरिंगचा एक मुलगा मालिकेतल्या फ्लटरशाय या पोनीची बाहुली हातात धरून उभा होता. विक्रेत्याने सहज विचारलं, ‘गिफ्ट पॅक करू?’ तो पटकन म्हणाला, ‘हो, बहिणीसाठी आहे.’ पैसे दिले, कागद फाडून टाकला आणि बाहुली सॅकमध्ये वह्यांच्या खाली सारली. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात नऊ वर्षांच्या एका मुलाला रेनबो डॅश या पोनीच्या दप्तरावरून मारहाण झाली आणि शाळेने त्यालाच दप्तर घरी ठेवायला सांगितलं. लोकांनी ओरड केल्यावर शाळेला ते मागे घ्यावं लागलं. तुला ‘मुली ब्रोनी नसतात’ म्हणणारा मुलगा कदाचित घरी असंच काही लपवत असेल. त्याने तुला गप्प करणं त्यामुळे क्षम्य होत नाही, पण त्याच्याशी बोलताना हे डोक्यात असू दे.

आपल्या मराठी ग्रुपमध्ये एक अडचण जास्तीची आहे. ‘मी बघतो’ किंवा ‘मी बघते’ म्हटलं की पत्ते उघडे. ज्यांना ते उघड करायचं नसतं ते काय करतात, लक्ष देऊन बघ: ‘मला आवडतं’, ‘मी पाहिलंय’, ‘मला वाटतं’ अशीच वाक्यं लिहितात. कुणी असं लिहीत असेल तर ‘अरे की अगं?’ म्हणून खोदत बसू नये. त्या माणसाने स्वतःहून सांगितलं तर पुढे तसंच बोलावं. नाही सांगितलं तर त्याच ढंगात आपणही उत्तर द्यावं. जमतं, थोडी सवय लागते.

ग्रुपची व्यवस्था तुझ्याकडे येतेय असं लिहिलंस, ते फार बरं झालं. सध्या मुलगा निवडला की ब्रोनी आणि मुलगी निवडली की पेगासिस्टर, असं आपोआप चिकटतं ना? ते आधी काढ. त्या जागी एक रिकामी ओळ ठेव, ‘तुला काय म्हणू?’, आणि ती सोडून दिली तरी आत येता यावं. जुन्यांची नावं एकदम पुसू नकोस, ज्यांनी प्रेमाने घेतली आहेत त्यांना लागेल. नोटीस लाव, आठवडाभर थांब, ज्यांना बदलायचंय ते बदलतील. कुणी चिडून आलं तर मला टॅग कर, मी बोलते.

तुझी,
ताई