क्रिटिकल क्रिमिनॉलॉजी शिकून आपल्याकडे काही उपयोग आहे का? आणि या अभ्यासकांमध्ये एवढे वाद कशावरून चालतात?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जी ओळ आहे ना, "हे लोक पोलीस आणि तुरुंग बंद करा म्हणतात, मग गावात चोरी झाली तर काय करायचं", तिच्यामुळे लिहायला बसलो. एमएसडब्ल्यूनंतर (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर) क्रिटिकल क्रिमिनॉलॉजीत, म्हणजे गुन्ह्याकडे कायदा आणि सत्ता कोणाच्या हातात आहे या नजरेने बघणाऱ्या शास्त्रात, पुढे शिकावं का हा तुमचा खरा प्रश्न आहे, त्यावर येतो, पण आधी चोरीचं सांगतो, कारण नेमकी तीच चोरी मी जवळून बघितलीय.

मी चाळीसगाव तालुक्यातला. डिझर्टेशनला विषय घेतला होता पारधी वस्ती आणि पोलीस ठाणं. २०१७ चा मे महिना, ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. वस्तीवर एक बाई होत्या, मी त्यांना आक्का म्हणायचो, त्यांच्या चार शेळ्या होत्या, त्यातली एक गाभण. एका रात्री कोणीतरी दावी कापून चारही शेळ्या नेल्या. सकाळी पाटाच्या कडेला छोटा हत्तीच्या चाकांचे वण मऊ मातीत स्पष्ट उमटलेले, मी स्वतः बघितले. आक्का माझ्याकडे आल्या कारण मला अर्ज लिहिता येतो. गाडीवर मागे बसल्या, पदरात कापलेली दावी गुंडाळून घेतलेली, पुरावा म्हणून.

ठाण्यात अंमलदाराने नाव विचारलं, गाव विचारलं, मग वस्ती कोणती ते विचारलं. वस्तीचं नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवला. आक्कांनी दावी टेबलावर ठेवली तर त्याने ती पेनाच्या टोकाने बाजूला सरकवली, हात लावला नाही. मग दुसरं रजिस्टर काढलं, लाल कापडी बांधणीचं, पानं चाळली आणि विचारलं, तुमचा मोठा मुलगा कुठे असतो सध्या? मुलगा रावेरला केळीचे घड कापायला गेलेला होता. हवालदाराने त्याला फोन केला, पोरगा आईला काही झालं म्हणून रात्रीच धावत आला, आणि त्याला दोन रात्री बाकड्यावर बसवून ठेवलं. स्टेशन डायरीला नोंद नाही, अटक नाही, काहीच नाही, नुसतं "चौकशीला बसवलंय". तिसऱ्या दिवशी सोडलं ते ११० ची चॅप्टर केस लावून, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं सराईताकडून चांगल्या वागणुकीची हमी घ्यायचं कलम, तहसीलदारापुढे जामीनदार घेऊन बॉन्ड द्यायचा. कागदावर त्याच्या नावापुढे "सराईत" लिहिलेलं. पोरगं बावीस वर्षांचं, आधीची एकच केस आणि त्यात निर्दोष सुटलेला. आणि शेळ्यांचं काय, तर एफआयआर नाहीच, तक्रारी अर्जावर आवक शिक्का मारून दिला.

बाहेर चहाच्या टपरीपाशी आक्का म्हणाल्या, "बकऱ्या मन्या गयात, आनि धरी बसाडं ते मनाच पोऱ्याले." (शेळ्या माझ्या गेल्या, आणि धरून बसवलं ते माझ्याच पोराला.)

चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. मला ते पाठ होतं. तिथे उभं राहून मी ते तोंडातून काढलं नाही, त्याची बोच आजही आहे.

आता वादाकडे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत एका सेमिनारला मी यावर पेपर वाचला. पहिल्या अर्ध्यात रजिस्टर, बाकडं, सराईतचा शिक्का, अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द होऊन लोक "विमुक्त" झाले आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला म्हणजे जमातीचा शिक्का पुसून माणसाचा शिक्का तयार केला, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या अर्ध्यात मी सांगितलं की आक्कांना एफआयआर हवा होता, पोलीस त्यांना जास्त हवे होते, कमी नाही, फक्त त्यांच्या बाजूने हवे होते. तिथे हवा बदलली. एक फार मोठं नाव असलेले सर म्हणाले, हा भाग काढा, याने पोलिसांच्या हातात कोलीत मिळतं. आणि माझाच एक बॅचमेट चहाच्या वेळी म्हणाला, तू तर लेफ्ट रिअलिस्ट झालास रे. शिवी दिल्यासारखं म्हणाला. मला त्या शब्दाचा अर्थ तेव्हा नीट माहीत नव्हता, परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत मोबाईलवर तेच वाचत बसलो.

तर तो वाद थोडक्यात असा. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये टेलर, वॉल्टन आणि यंग या तिघांनी मांडलं की गुन्हेगाराच्या डोक्यात आणि घरात कारण शोधत बसू नका, कायदा कोण करतं, कोणासाठी करतं, सत्ता कोणाकडे आहे ते बघा. त्याच वर्षी युरोपातल्या अशा अभ्यासकांचा गट उभा राहिला, तो अजून चालू आहे. यातलाच जॉक यंग दहा-बारा वर्षांनी म्हणायला लागला की थांबा, आपण पोलिसांवर आणि राज्यावर इतकं बोलतोय की गरिबाच्या घरी होणारी चोरी आपल्याला दिसेनाशी झालीय. त्याने आणि सोबत्यांनी लंडनच्या इझलिंग्टन भागात घरोघर जाऊन विचारलं, तर दिसलं की चोरी-मारहाणीचा मार गरीब वस्तीवरच जास्त, रात्री बाहेर पडायला बायका घाबरतात, आणि पोलिसांवर भरवसाही धड नाही. याला लेफ्ट रिअलिझम म्हणतात. जुन्या साथीदारांनी त्याला फितूर ठरवलं. दुसऱ्या टोकाला अबॉलिशनवाले, नॉर्वेचे मॅथिसन, नेदरलँड्सचे हुल्समन, यांचं म्हणणं तुरुंग सुधारून सुधारत नाही, तो मोडीतच काढायचा. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारल्यावर हा वाद पुन्हा पेटला, सुधारणा की उच्चाटन. मी आक्कांना हे सांगितलं होतं, बाहेरदेशी काही लोक म्हणतात पोलीसच नको. त्या म्हणाल्या, "मग मन्या बकऱ्या कोन आनी दी?" (मग माझ्या शेळ्या कोण आणून देणार?)

याचं उत्तर मला त्या सेमिनारमध्ये कोणी दिलं नाही. दिलं ते असं की समुदाय देईल, गाव आपसात मिटवेल, नॉर्वेचेच निल्स ख्रिस्ती १९७७ मध्ये म्हणाले होते की भांडण हे लोकांच्या मालकीचं असतं आणि वकील-कोर्ट ते त्यांच्याकडून काढून घेतात. विचार चांगलाच आहे. पण मी धुळे-जळगावकडचा माणूस आहे, त्या सेमिनारच्या सात महिने आधीच, १ जुलै २०१८ ला, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची मंगळवेढ्याकडची पाच माणसं जमावाने मारून टाकली होती, मुलं पळवणारी टोळी आलीय या व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवरून, आणि ती सुद्धा ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मी उभं राहून एवढंच विचारलं की सर, तो पण समुदायच होता ना? कोणी काही बोललं नाही, अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. भटक्या-विमुक्तांसाठी गाव म्हणजे दर वेळी आधार नसतो, कित्येकदा गावच पहिला पोलीस असतो आणि पोलीस पाटील दुसरा. हे ज्याने वस्तीवर एक रात्र काढलीय त्याला सांगावं लागत नाही.

अजून एक वाद आहे तो मला जास्त पटतो, त्यात दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. काही जण म्हणतात गुन्हा हा शब्दच सोडून द्या, हानी मोजा. झिमिऑलॉजी म्हणतात त्याला, हिलयार्ड आणि टूम्ब्स वगैरे मंडळींनी २००४ च्या आसपास जोर लावला, पण मूळ बरंच जुनं, अमेरिकेतल्या सदरलँड या अभ्यासकाने १९३९ मध्येच पांढरपेशांच्या गुन्ह्यांकडे बोट दाखवलं होतं. आमच्या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या त्यात माझ्या वडिलांचे कापसाचे ८० हजार गेले, ताईच्या लग्नासाठी ठेवलेले. चार शेळ्यांची किंमत तेव्हा तीस हजारही झाली नसती. वडील पाच वर्षं पावत्या पिशवीत घेऊन फिरले, प्रत्येक टेबलावर त्यांना खुर्ची मिळाली, साहेब बघतो म्हणाले, आणि त्या संचालकांपैकी एकाला सुद्धा कोणी बाकड्यावर बसवलं नाही. लाल रजिस्टरमध्ये त्यांची पोरं नाहीत. क्रिटिकल क्रिमिनॉलॉजीने मला हे बघायला शिकवलं, हे ऋण मी मानतो आणि उपयोग आहे का या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे ते यामुळेच.

सध्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या दोन बातम्या बाहेरच्या कुठल्याही कॉन्फरन्सपेक्षा मोठ्या आहेत, पण त्यावर मराठीत कोणी धड लिहीत नाही. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे पोलीस एखाद्याला सराईत धरून त्याची जी नोंद ठेवतात तिच्या, एका प्रकरणात सांगितलं की मागास आणि विमुक्त समाजातल्या निर्दोष माणसांची नावं यांत्रिकपणे त्यात घालू नका, राज्यांनी आपली धोरणं तपासा. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगाच्या नियमावलीतली जातीवरून कामं वाटणारी कलमं रद्द केली, विमुक्तांना जन्मजात सराईत धरणाऱ्या नियमांवरही तिथेच बोट ठेवलं, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. ही केस एका पत्रकार बाईच्या रिपोर्टिंगमधून उभी राहिली. प्राध्यापकांनी हे लक्षात घ्यावं.

तिकडे अमेरिकेत शिक्षा भोगून आलेल्यांनी स्वतः चालवलेली एक शाखा आहे, कन्व्हिक्ट क्रिमिनॉलॉजी, तिथे आता वाद हा की नावात कन्व्हिक्ट ठेवायचं का, शिक्षा संपली तरी शिक्का का मिरवायचा. आपल्या सराईत शब्दावर एवढं भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं. आणि २०१६ पासून सदर्न क्रिमिनॉलॉजी, म्हणजे दक्षिणेकडच्या देशांचा अनुभव धरून शास्त्र करा, हेही जोरात आहे. माझं स्पष्ट मत, ते इंग्रजीत दक्षिण दक्षिण करणारे आपले लोक अहिराणी तर सोडाच, मराठीतला पंचनामा पण वाचत नाहीत. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, ज्यांना लुटारू म्हणत होते त्यांनाच गणवेश देऊन सरकारी शिपाई केलं, एवढा मोठा विषय घराशेजारी पडलाय आणि आमचे विद्यार्थी दिल्लीतल्या सीसीटीव्हीवर पेपर करतात.

आता तुमचं शिक्षण. करा. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. पण मास्तरकीची आशा ठेवून येऊ नका, मी स्वतः सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, तासिका घेतो आणि जूनमध्ये ऑर्डर येईपर्यंत पगार नसतो. परिवीक्षा अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचं काम, तुरुंगात काम करणाऱ्या संस्था, हे रस्ते आहेत. गाईड निवडताना एकच विचारा, शेवटचं पोलीस ठाण्यात कधी गेला होता आणि कोणाबरोबर. आणि फिल्डवरचा माणूस तुमच्या थिअरीत बसत नसेल तर तो भाग कोणी काढायला सांगितला तरी काढू नका. मी तेव्हा काढला. पेपर छापून आला तो अर्धाच, आक्कांच्या शेळ्या त्यात नाहीत, फक्त मुलगा आहे. ते सर आज हे वाचत असतील तर त्यांना सांगतो, तुम्ही पोलिसांच्या हातात कोलीत जाऊ नये म्हणून आक्कांची तक्रार काढायला लावलीत, आणि अंमलदाराने पण तिची तक्रार घेतली नव्हती.

एक राहिलं. अबॉलिशनवाले मूर्ख आहेत असं मी म्हणत नाहीये, माझ्या लिहिण्यावरून तसं वाटलं तर ते चूक. मॅथिसन नॉर्वेत कैद्यांसोबत संघटना बांधून बसले होते, १९६८ पासून, नुसते पेपर नव्हते वाचत. आणि तुरुंगाबद्दल ते बऱ्यापैकी बरोबरच आहेत. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या आकड्यांत देशातल्या कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते, गुन्हा शाबीतच झालेला नाही आणि आत बसलेत. सगळे पोलीस वाईट असंही नाही, दोन वर्षांनी त्याच ठाण्यात एक पीएसआय मॅडम आल्या होत्या, त्यांनी वस्तीतल्या एका बाईची मारहाणीची तक्रार रात्री अकराला स्वतः लिहून घेतली, आक्का मला ते फोन करून सांगत होत्या.

शेळ्या मिळाल्या नाहीत. ११० चं आता नव्या कायद्यात १२९ झालंय, १ जुलै २०२४ पासून, नंबर बदलला आणि मुलाच्या नावाची नोटीस या दिवाळीत परत आली. तो आता एका जिनिंगला हमाली करतो, दोन पोरं आहेत. पुढच्या मंगळवारी तहसीलला तारीख आहे. या वेळी सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या त्या दोन्ही निकालांच्या झेरॉक्स काढल्यात, महत्त्वाच्या परिच्छेदांचा मराठीत अनुवाद करून लावलाय, आणि मी बरोबर जातोय. तुम्ही जळगाव-धुळ्याच्या आसपास असाल तर अकरापर्यंत या.