सदाफुलीच्या सस्पेन्शन कल्चरमध्ये अल्कलॉइड वाढवायला मिथाइल जास्मोनेट किती घालावं?

किती घालावं ते नंतर. आधी कधी घालायचं ते ठरवा, आणि त्याच्याही आधी, ‘वाढलं’ म्हणजे नेमकं काय वाढलं ते. याच सदाफुलीपायी, म्हणजे पोषक द्रवात (मीडियात) सुट्या वाढवलेल्या तिच्या पेशी आणि त्यांतल्या अल्कलॉइड नावाच्या औषधी द्रव्यांपायी, मी गाइडशी दीड वर्ष भांडले आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

आमच्या सरांचं म्हणणं असं, की पेशी नव्या मीडियात टाकल्या त्याच दिवशी एलिसिटर (पेशीला द्रव्य बनवायला चिथावणारा पदार्थ, इथे मिथाइल जास्मोनेट) द्यायचा, म्हणजे त्याला काम करायला भरपूर दिवस मिळतात. १०० मायक्रोमोलर. दिला. आठवड्याने फ्लास्क शेकरवरून उतरवले. कंट्रोलचा, म्हणजे एलिसिटर न दिलेला, फ्लास्क तिरका केला की दाट पिवळसर पेशी सायीसारख्या काचेवरून घसरत होत्या. शेजारच्यात वर नितळ पाणी आणि तळाला चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ.

एचपीएलसीत (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) दर ग्रॅम ड्राय वेटमागे, म्हणजे सुकवलेल्या पेशींच्या वजनामागे, अजमलिसिन हे अल्कलॉइड तिप्पट आलं. सर खूश, पोस्टरवर उंचच उंच स्तंभ. पण ड्राय वेट कंट्रोलच्या पाव होतं! तिप्पट गुणिले पाव, म्हणजे पाऊण. फ्लास्कमागे अजमलिसिन चक्क घटलं होतं आणि पोस्टर म्हणत होतं वाढलं. मीटिंगमध्ये हे बोलले तर उत्तर मिळालं, “बायोमास हा वेगळा पॅरामीटर आहे.” वेगळा कसला? टाकीतून माल लिटरमागे किती निघाला तेच मोजतात ना शेवटी?

जास्मोनेट म्हणजे पेशीला ‘किडा चावला’ असा निरोप. तो मिळाला की पेशी विभाजन आवरतं घेतात आणि बचावाच्या द्रव्यांमागे लागतात. ज्यांची अजून वाढच व्हायची आहे त्यांना पहिल्याच दिवशी घाबरवून काय साधणार? वाढीचा आलेख सपाट व्हायला लागला की मग द्या. जपानमध्ये मित्सुई कंपनीने १९८०च्या दशकात वनस्पतीच्या पेशींतून शिकोनिन हे लाल रंगद्रव्य काढलं ते दोन टप्प्यांत: पहिल्या टाकीत नुसती वाढ, दुसरीत अमोनियम नसलेला मीडिया, कारण अमोनियम असलं की शिकोनिन बनतच नाही. तिथे एलिसिटर नव्हता, पण आधी पेशी आणि मग द्रव्य हा क्रम तोच.

मग सरांना न विचारता मी एक बॅच लावली. टूफोर-डी (पेशींना विभागत ठेवणारं कृत्रिम हार्मोन) काढून टाकलेला मीडिया, जास्मोनेट आठव्या दिवशी. ग्रॅममागे जेमतेम दीडपट, पण वजन जवळजवळ कंट्रोलएवढंच. म्हणजे फ्लास्कमागे खरीखुरी वाढ. सर म्हणाले, “दुप्पटसुद्धा नाही?” (दोन गोष्टी एकदम बदलल्यास, हेही म्हणाले. त्यात मात्र ते बरोबर होते. टूफोर-डी नुसतं काढलं तरी सदाफुलीत अल्कलॉइड वाढतात. तुम्ही ते दोन्ही वेगवेगळं लावा.)

आता तुमचा ‘किती’. शून्य, १०, ५०, १००, २०० मायक्रोमोलर अशी रांग लावा आणि तुमची लाइन, म्हणजे तुम्ही वाढवत आणलेला पेशींचा वाण, काय सांगते ते बघा, दुसऱ्याच्या पेपरातला आकडा उचलू नका. जास्मोनेट इथेनॉलमध्ये विरघळवणार, तर कंट्रोलमध्येही तेवढंच इथेनॉल हवं. आमच्या पहिल्या बॅचच्या कंट्रोलमध्ये ते नव्हतं. ती चूक माझी, सरांची नाही. तक्त्यात ग्रॅममागचा आणि लिटरमागचा असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. गाइड एकच छापू म्हणाले तर लिटरचा छापा.

आणि हो, तुम्ही प्रश्नात नुसतं ‘अल्कलॉइड’ लिहिलंय. मनात व्हिंब्लास्टीन (कॅन्सरवरचं औषध) असेल तर हे सगळं विसरा. त्याला लागणारं विंडोलीन पानातल्या खास पेशींत तयार होतं, सस्पेन्शनमधल्या अविभेदित (पान, मूळ असं काहीच न झालेल्या) पेशींना ते जमत नाही, मग जास्मोनेटची बाटली उपडी करा नाहीतर पिंप. अजमलिसिन, सर्पेन्टीन हवं असेल तर तुमची लाइन किती सबकल्चर (नव्या मीडियात हलवण्याच्या खेपा) जुनी आहे ते कॉमेंटमध्ये लिहा. जुन्या लाइनी हळूहळू द्रव्य बनवायचंच सोडतात, आणि मग डोस बदलून काही होत नाही.