प्रिंटर तिथंच आहे, दार बदललंय

दादा, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. विंडोज ११ टाकल्यापासून कंट्रोल पॅनेल, म्हणजे सेटिंग्जची जुनी खिडकी, सापडेना आणि उत्पन्नाचा दाखला रंगीत प्रिंटरवरच निघायलाय, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या परभणीच्या दुकानात सेतूवाले हेच दुखणं घेऊन येतात.

आधी प्रिंटरचं मिटवू, कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्याकडं रांग लागणार. स्टार्ट दाबून इंग्रजीत 'प्रिंटर्स' एवढंच टाइप करा, 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा. खाली 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' चालू दिसेल, ते बंद करा. सगळी भानगड तिथंच आहे. ते चालू असलं की शेवटची प्रिंट ज्याच्यावर मारली तोच प्रिंटर विंडोज धरून बसतं. सकाळी कुणाचा पासपोर्ट फोटो काढला की दिवसभराचे दाखले महागड्या शाईत! ते बंद केलं की मग लेझर प्रिंटरच्या पानावर 'सेट ॲज डीफॉल्ट' दिसतं. तोवर ते बटणच तिथं नसतं, माणूस शोधून शोधून थकतो. मी पहिल्यांदा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, दोनदा काढून परत टाकला होता, सांगायला लाज वाटते.

आता कंट्रोल पॅनेल. ते १९८५च्या पहिल्या विंडोजपासून आहे. २०१२ साली विंडोज ८ मध्ये नव्या सेटिंग्जचा पाया घातला, अन् ते बांधकाम अजून चालूच आहे. जुना वाडा न पाडता शेजारी स्लॅबचं घर उठवावं, निम्मी भांडी इकडं, निम्मी तिकडं, तशी गत. आवाजाचं पान नव्या घरात, पण 'मोअर साउंड सेटिंग्ज' दाबलं की जुनीच खिडकी समोर येते. उलट वाड्यातलं 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स'चं दार ढकललं तर बाहेर पडता नव्या घरात! हे बांधणाऱ्यांनी एकदा तरी गिऱ्हाईक समोर उभं असताना हे वापरून बघावं.

मी तर रस्ते शोधणं सोडून दिलं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, इंग्रजीत 'कंट्रोल' लिहून एंटर, वाडा उघडतो. तिथंच नेटवर्कसाठी 'एनसीपीए डॉट सीपीएल' (ncpa.cpl), प्रोग्राम काढायला 'ॲपविझ डॉट सीपीएल' (appwiz.cpl). ही दोन नावं मॉनिटरला चिकटवून ठेवा. फाइलवर राइट क्लिक केल्यावर जुना मेनू पाहिजे असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा.

परत विंडोज १० टाकू का, असंही विचारलंय. नका टाकू. त्याची नेहमीची सुरक्षेची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि तुमच्या मशीनवर लोकांचे आधार, बँक पासबुक स्कॅन करून पडलेले असतात.

अंगठ्याचं मशीन ओळखेना झालं असेल तर मॉडेल लिहून वेगळं विचारा, ते दुखणं निराळं आहे.